पाऊस पडायच्या आत: दक्षिण सुदानमध्ये मदतीचं धान्य कसं पोचतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: भिवंडीच्या एका मोठ्या गोदामात सहा वर्षं काम केलंय, आता एका मदत संस्थेत लॉजिस्टिक्सची नोकरी मिळाली आहे, पोस्टिंग दक्षिण सुदान, निघायला तीन महिने आहेत. लढाई चालू असलेल्या मुलुखात धान्य पोचवायची व्यवस्था कशी बसवतात, लष्कराचं संरक्षण मिळतं का, जाण्याआधी कुठलं सॉफ्टवेअर शिकावं, आणि आईला काय सांगावं, असं तुम्ही विचारलंय.

सॉफ्टवेअरचं आधी उरकतो. एक्सेल नीट येत असेल तर पुरे. संस्थेची स्वतःची जी प्रणाली असेल ती तिथे गेल्यावर आठवड्याभरात शिकवतात, आणि पहिल्याच पावसात इंटरनेट गेलं की सगळे वहीवर येतात. वही चांगली ठेवता येणं हे या कामातलं खरं कौशल्य आहे.

मी न्हावा-शेवाला क्लिअरिंगच्या धंद्यात नऊ वर्षं काढून या क्षेत्रात आलो. राजधानी जुबा, बोर, रुंबेक, मलाकाल असे मिळून सात पावसाळे तिथे काढले. त्यामुळे खाली जे लिहितोय ते दक्षिण सुदानबद्दल आहे. युक्रेनमध्ये रस्ते आहेत, रेल्वे आहे, धोका आकाशातून येतो. येमेनमध्ये सगळा खेळ बंदरांवर आहे. तिथल्या लोकांना माझ्या निम्म्या सूचना निरुपयोगी वाटतील.

भिवंडीत तुम्हाला गाडी कुठे पोचवायची आणि किती वाजता, एवढं बघावं लागतं. रस्ता आहे हे गृहीत असतं. गाडी रस्त्यात अडवली तर का अडवली हेही साधारण ठाऊक असतं. दक्षिण सुदानमध्ये ‘कुठे’ हा सर्वांत सोपा प्रश्न. अवघड प्रश्न दोन: कोणत्या महिन्यात, आणि वाटेवरचे लोक ही गाडी कोणाची समजतील. माझ्या मते सगळं नियोजन या दोन प्रश्नांभोवती फिरतं, म्हणून उत्तरही त्याच क्रमाने देतो.

पहिला प्रश्न महिन्याचा. तो समजायला नकाशा उघडू नका, आपली काळी माती आठवा. परभणी-हिंगोलीकडे जुलैत ओल्या रानात ट्रॅक्टर घातला तर काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. चाक फिरतं, माती चिकटून चाकाचा गोळा होतो, आणि ट्रॅक्टर जागीच बसतो. दक्षिण सुदानच्या नाईलकाठच्या सपाट भागात तीच चिकण काळी माती आहे, आणि तिच्यावरून रस्ते जातात. देशाचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुप्पट. जुबा ते युगांडाच्या सीमेवरचं निमुले हा १९२ किलोमीटरचा रस्ता २०१२ साली पुरा झाला, तेव्हा तो देशातला पहिला डांबरी महामार्ग ठरला. बाकी बहुतेक मुरूम. हो, तिथेही त्याला ‘मुरम’च म्हणतात, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. मुरूम संपला की नुसती माती. एप्रिल-मेपासून नोव्हेंबरपर्यंत पाऊस, आणि त्या काळात देशाचा साधारण ६० टक्के भाग रस्त्याने तुटलेला असतो.

आता हिशेब करू, कारण हा हिशेब तुम्हाला पहिल्याच आठवड्यात करावा लागेल. माणसाला दिवसाला २,१०० किलोकॅलरी हे गृहीत धरून पूर्ण शिधा साधारण असा बसतो: ५०० ग्रॅम ज्वारी, ५० ग्रॅम डाळ, ३० ग्रॅम तेल, ५ ग्रॅम मीठ. ज्वारीच. तिथलं मुख्य धान्य तेच, तिची आंबवून घावनासारखी किस्रा करतात, नाहीतर घट्ट लापशी. एका ठिकाणी २०,००० माणसं आहेत असं धरा. महिन्याला ज्वारी ३०० टन, डाळ ३० टन, तेल १८ टन, मीठ ३ टन. झाले ३५१ टन. सहा महिने रस्ता बंद राहणार म्हणजे २,१०० टनांच्या आसपास माल आधीच आत नेऊन ठेवायचा. मुरमावरून आणि नदीच्या कोरड्या पात्रांतून जाणारी गाडी १४ टनांच्या वर भरू नये, भरली तर आस मोडतो. म्हणजे दीडशे गाड्या, आणि तेही एका ठिकाणासाठी.

या दीडशे गाड्या डिसेंबर ते एप्रिल या पाच महिन्यांत गेल्या पाहिजेत. माल मोम्बासाच्या बंदरात उतरतो, केनिया-युगांडातून निमुलेच्या सीमेवर येतो आणि मग जुबात. दीड हजार किलोमीटरहून जास्त. तिथून आत एक फेरी जायला-यायला कधी तीन आठवडे, कधी सहा. याचा अर्थ मार्चमध्ये वाटायच्या ज्वारीची मागणी आदल्या पावसाळ्यात गेलेली असावी लागते. मागणी जाण्याआधी देणगीदाराकडून पैसे यावे लागतात, आणि देणगीदार देशांचं आर्थिक वर्ष काही आपल्या काळ्या मातीकडे बघून ठरत नाही. पैसे मार्चमध्ये मंजूर होतात, गाड्या जूनमध्ये भरायला तयार होतात, आणि जूनमध्ये रस्ता नसतो. मग तेच धान्य विमानाने न्यावं लागतं. खर्च कित्येक पटींनी वाढतो, आणि वर्तमानपत्रात फोटो विमानाचाच येतो.

विमानातून धान्य टाकतात ते एकदा जवळून बघाल तेव्हा कळेल. इल्युशिन-७६ हे जुनं रशियन बनावटीचं मालवाहू विमान, एका फेरीत साधारण ३० टन. वरच्या उदाहरणातल्या गावाला एका महिन्यासाठी बारा फेऱ्या झाल्या. धान्याला पॅराशूट नसतं. विमान दोन-तीनशे मीटरवर येतं, नाक किंचित वर करतं, मागचं दार उघडं असतं आणि पोती उतारावरून घसरत बाहेर पडतात. पोतं एकात एक असं भरलेलं असतं, आतलं फुटलं तरी बाहेरचं टिकावं म्हणून. खाली आदळतात तेव्हा आवाज ढोलांच्या पथकासारखा येतो आणि पाय थरथरतात. माझं काम विमानाशी नव्हतं, खालच्या मोकळ्या पट्ट्याशी होतं: गवत कापून घेणं, खुणा घालणं, आणि मुख्य म्हणजे त्यात माणूस, गाय, पोर कोणी नाही याची खात्री झाल्याशिवाय वैमानिकाला रेडिओवर ‘या’ न म्हणणं. एकदा विमान दिसू लागल्यावर पट्ट्याच्या कडेला एक वासरू शिरलं, आणि त्यामागे ते सोडवायला दहा-बारा वर्षांचा मुलगा. मी ‘थांबा’ म्हटलं, विमान एक घिरटी घालून आलं. त्या घिरटीचं इंधन किती याचा हिशेब नंतर मला विचारला गेला. तुम्हालाही विचारतील. तरी ‘थांबा’ म्हणायचंच.

विमान गेल्यावर हमाल पोती गोळा करून थप्प्या लावतात, आणि बायका फुटलेल्या पोत्यांतली ज्वारी मातीतून एकेक दाणा वेचतात. तो दाणा तुमच्या नोंदीत ‘नुकसान’ या रकान्यात जातो. सुरुवातीला मला ते लिहिताना हात अडखळायचा, पुढे सवय झाली. तेल बरीच वर्षं असं टाकता येत नव्हतं, डबे फुटायचे. पुढे खास वेष्टन करून तेही टाकायला लागले.

तिसरा मार्ग नाईलचा. बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू नौकेवर, एका खेपेत शेकडो टन जातात, चिखलाचा प्रश्न नाही, खर्च कमी. जुबा-बोरहून मलाकाल, आणि तिथून वर सुदानच्या सीमेजवळचं रेंक. १५ एप्रिल २०२३ ला शेजारच्या सुदानमध्ये लढाई पेटल्यावर लाखो माणसं रेंककडून दक्षिणेत आली, तेव्हा याच नदीने माणसंही वाहिली. आधी रेंकला उत्तरेकडून, सुदानमधल्या कोस्तीवरून माल यायचा. तो मार्ग एका दिवसात बेभरवशाचा झाला. पण नदीची अडचण अशी की बार्ज संथ असते, पात्र ठरलेलं असतं, आणि काठावर बंदूक घेऊन बसलेला कोणीही तिला हात दाखवून थांबवू शकतो. रस्त्यावर गाडी निदान मागे वळवता येते.

इथून दुसरा प्रश्न सुरू होतो: वाटेवरचे लोक ही गाडी कोणाची समजतात.

डिसेंबर २०१३ मध्ये जुबात सत्तेतल्या दोन गटांत लढाई सुरू झाली आणि देश चिरला गेला. स्वातंत्र्य मिळून तेव्हा अडीच वर्षंही झाली नव्हती. तेव्हापासून एका गोदामातून दुसऱ्या गोदामात जायला सरकारी बाजू, विरोधी बाजू, आणि या दोघांचंही न ऐकणारे स्थानिक सशस्त्र तरुण, अशा तिघांच्या हद्दीतून जावं लागू शकतं. सरकारच्या बाजूने मदतकार्यावर देखरेख ठेवणारं मंडळ आहे, विरोधकांनीही आपापल्या भागात तसंच उभं केलं. विमान न्यायचं तर दोन्ही बाजूंनी ‘या दिवशी, या मार्गाने, या खुणेचं विमान येईल, त्यावर गोळी झाडणार नाही’ अशी हमी घ्यावी लागायची. ट्रकच्या ताफ्याचंही तेच: गाडी क्रमांक, चालकाचं नाव, माल, मार्ग, तारीख. हे काम एकेका संस्थेने करण्याऐवजी संयुक्त राष्ट्रांची समन्वय कचेरी सगळ्यांच्या वतीने करते, आणि वाहतुकीचा भाग जागतिक अन्न कार्यक्रमाच्या पुढाकाराने चालणारा लॉजिस्टिक्स गट सांभाळतो.

परवानगीचा हा धंदा जुना आहे. १९८९ मध्ये, सुदान अखंड असताना, संयुक्त राष्ट्रांनी खार्तूमचं सरकार आणि बंडखोर सेना या दोघांशी बोलून ‘ऑपरेशन लाइफलाइन सुदान’ सुरू केलं. विमानं केनियाच्या लोकिचोगिओहून उडायची. त्यात कळीची गोष्ट म्हणजे कुठे उतरायचं याची मंजुरी सरकारकडून लागायची. १९९८ च्या सुरुवातीला बहर-अल-गझल भागात सरकारने उड्डाणं रोखली, आणि त्या वर्षीचा दुष्काळ भीषण झाला. पुढे २०१७ च्या फेब्रुवारीत लीर आणि मायेंदित या दोन तालुक्यांत अधिकृतपणे दुर्भिक्ष जाहीर झालं. सुमारे एक लाख माणसं. देशात तेव्हा धान्याची गोदामं होती, विमानंही होती. लढाईमुळे लोक दलदलीच्या बेटांवर पळाले होते आणि त्यांच्यापर्यंत पोचायची वाट कोणी मोकळी ठेवली नव्हती. म्हणून ‘धान्य असून लोक उपाशी कसे’ असं कोणी विचारलं तर मी त्या बेटांकडे बोट दाखवतो.

परवानगीचा कागद हातात आला म्हणजे काम झालं असं समजू नका. जुबातल्या सह्या, शिक्के सगळं खरं असतं. दोनशे किलोमीटरवरच्या नाक्यावर बसलेल्या माणसाला ते वाचता येत नाही किंवा त्याला ते मान्य नसतं. नाका म्हणजे काय, रस्त्यावर आडवी दोरी, तिला लोंबणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या, झाडाखाली एक खुर्ची. माझा बावीस गाड्यांचा एक ताफा अशाच दोरीपाशी चार दिवस उभा राहिला. कागद पूर्ण होते. माल मोजून झाला होता. तरी सोडेनात. कारण विचारलं की ‘वरून आदेश नाही’. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या दुभाष्याने चहा पिता पिता शोधून काढलं: सहा गाड्यांवरचे मदतनीस अशा समाजातले होते, ज्यांनी महिन्यापूर्वी याच गावच्या गाई पळवल्या होत्या. त्या पोरांचा त्या चोरीशी संबंध नव्हता. पण गावाला त्यांचे चेहरे आणि कपाळावरच्या खुणा दिसत होत्या. ट्रान्सपोर्टरला मी गाड्यांचे क्रमांक मागितले होते, विम्याचे कागद मागितले होते. गाडीवर कोण बसणार हे विचारलं नव्हतं. चूक माझी. ती सहा पोरं आमच्या जीपने परत पाठवली, दुसरे मदतनीस आणले, पाचव्या दिवशी दोरी खाली आली.

नाक्यावर पैसे मागतात. हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण मनात असणार. संस्थेच्या नावाने पैसे द्यायचे नाहीत, पोतंसुद्धा नाही, आणि हे मी तत्त्व म्हणून सांगत नाहीये. आज एका गाडीने दिले तर उद्या मागून येणाऱ्या बारा संस्थांच्या गाड्यांचा तो दर ठरतो, आणि त्या पैशातून पुढचा नाका उभा राहतो. खरं काय घडतं तेही सांगतो: भाड्याच्या गाडीचा चालक आपल्या खिशातून काहीतरी देतो आणि ट्रान्सपोर्टर ते पुढच्या भाड्यात धरतो. ते पूर्ण थांबवता येत नाही. पण कुठल्या नाक्यावर किती मागितलं याची नोंद ठेवा आणि दर आठवड्याला समन्वय कचेरीला द्या. एकट्या संस्थेच्या तक्रारीला किंमत नसते; वीस संस्थांची एकच तक्रार मंत्र्यासमोर ठेवता येते.

कागदावर जे लिहिलंय तेच गाडीत असलं पाहिजे, यावर मी जरा अडून बसतो. मार्च २०१४ मध्ये रुंबेकजवळ संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा एक ताफा तपासला गेला. कंटेनरवर सर्वसाधारण सामान असं लिहिलेलं, आत एका तुकडीची शस्त्रं आणि दारूगोळा निघाला. शस्त्रं विमानाने नेण्याचा नियम असताना ती रस्त्याने निघाली होती. संयुक्त राष्ट्रांनी चूक कबूल केली, पण जुबात मोर्चे निघाले, आणि त्यानंतर बिस्किटांच्या आणि औषधांच्या गाड्यांनाही लोक कंटेनर उघडायला लावू लागले. भिवंडीत बिल्टीवर ‘मिक्स गुड्स’ लिहून गाडी सोडायची सवय असेल तर ती विमानतळावरच सोडून या. जनरेटर असेल तर जनरेटर लिहा, त्याचा क्रमांक लिहा. शेवटच्या घडीला कोणी मित्रसंस्थेने ‘एवढी दोन खोकी टाका ना’ म्हटलं तर उघडून, बघून, कागदावर चढवून मगच टाका, किंवा नाही म्हणा. मी दोनदा नाही म्हटलंय, दोन्ही वेळा मैत्री बिघडली.

आता लष्कराच्या संरक्षणाचं. शांतिसेना आहे, त्यात भारतीय तुकड्या पूर्वीपासून आहेत, मलाकालला आपल्या लष्कराच्या पशुवैद्यांनी लोकांच्या गाईगुरांवर उपचार केले, आणि २०१९ पासून काही वर्षं त्या सबंध शांतिसेनेचे प्रमुख लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर होते. भारतीय जवानांनी तिथे जीवही दिलाय; एप्रिल २०१३ मध्ये जोंगलेई राज्यात ताफ्याबरोबर असताना पाच जण मारले गेले. त्यामुळे ‘आपले लोक आहेत, ते सोबत येतील’ असं वाटणं साहजिक आहे. पण मदत संस्था सशस्त्र सोबत सहसा घेत नाहीत, अगदी दुसरा इलाज उरला नाही तरच घेतात. बंदूक सोबत आली की वाटेवरच्या लोकांच्या नजरेत गाडीची बाजू ठरते. आज तुम्ही सुरक्षित पोचता. पुढच्या महिन्यात बंदुकीशिवाय जाणाऱ्या परिचारिकेला त्याची किंमत मोजावी लागते. यावर मतभेद आहेत. काही रस्त्यांवर सोबत नाही म्हणजे धान्यच नाही अशी वेळ येते, आणि तिथे मीही सोबत घेतलीय. एकच ठरवा: हा निर्णय एकट्याने, घाईत, ताफा निघायच्या सकाळी घ्यायचा नाही.

धोका किती, हे गोड करून सांगणार नाही. मार्च २०१७ मध्ये जुबाहून पिबोरकडे जाणारे सहा मदत कर्मचारी वाटेत दबा धरून मारले गेले. आणि फक्त तिथेच नव्हे. १३ मे २०२४ रोजी गाझातल्या रफाहमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या खुणा असलेल्या गाडीवर मारा झाला आणि पुण्यात राहणारे निवृत्त कर्नल वैभव काळे गेले. ते सुरक्षा विभागात नुकतेच रुजू झाले होते. गाडीवरचा निळा शिक्का आणि आधी कळवलेला मार्ग यांनी धोका कमी होतो, जात नाही. संस्थेचा सुरक्षा अधिकारी ‘आज रस्ता बंद’ म्हणाला तर तो भित्रा आहे असं रात्री जेवताना म्हणा हवं तर, पण गाडी काढू नका.

आतापर्यंतचं दोन वाक्यांत: कोरड्या महिन्यांत जास्तीत जास्त माल आत न्यायचा, आणि नेताना तो कोणाच्याही बाजूचा वाटणार नाही याची तजवीज चालकापासून बिल्टीपर्यंत करायची. त्यात एक भर घालतो, गोदामांची.

भिवंडीत एका छपराखाली जितका माल जास्त तितका खर्च कमी. तिथे उलटं धरा. जुलै २०१६ मध्ये जुबात पुन्हा लढाई झाली तेव्हा जागतिक अन्न कार्यक्रमाचं मुख्य गोदाम लुटलं गेलं. साडेचार हजार टनांवर अन्न गेलं, सव्वादोन लाखांच्या आसपास लोकांचा महिन्याचा शिधा. त्याच लढाईनंतर आपल्या हवाई दलाने ‘संकट मोचन’ मोहिमेत जुबातून भारतीयांना आणलं, ते तुम्हाला आठवत असेल. त्यानंतर मी आतल्या ठिकाणी सहा महिन्यांचा माल एकत्र ठेवायला कधी राजी झालो नाही, तीन जागी फोडला. पहारेकरी वाढतात, हिशेबाला त्रास होतो, लेखापरीक्षक नाक मुरडतात. बाकी गोदामाचं काम तुम्हाला येतंच: थप्पी भिंतीपासून मीटरभर सोडून, खाली लाकडी पॅलेट, आधी आलेलं आधी बाहेर, सोंडे दिसायच्या आत धुरी. फक्त तिथे छप्पर म्हणजे बहुतेकदा तंबू असतो, आणि वादळी पावसाच्या रात्री तुम्ही झोपत नाही.

समन्वयाच्या बैठकांबद्दल. दर आठवड्याला-पंधरवड्याला होतात, कंटाळवाण्या असतात, तरी जा. रस्त्यांचा ताजा नकाशा तिथेच मिळतो, कोणत्या विमानात जागा मोकळी आहे ते तिथे कळतं, आणि मुख्य म्हणजे डिसेंबर ते एप्रिल सगळ्या संस्थांना एकाच वेळी त्याच मोजक्या गाड्या हव्या असतात. आपापसात न बोलता प्रत्येकाने भाडं वाढवलं की ट्रान्सपोर्टरचं भलं होतं, धान्य तेवढंच राहतं. मी पहिल्या वर्षी बैठकीत मागणी फुगवून सांगायचो, तीनशे हवे असतील तर पाचशे टन, कापून तीनशे मिळतील म्हणून. सगळेच तसं करत होते. मग एका फेब्रुवारीत माझ्यासाठी राखून ठेवलेल्या चौदा गाड्या रिकाम्या उभ्या राहिल्या आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या संस्थेची बियाणी गोदामात पडून होती. बियाणं पेरणीनंतर पोचलं तर काय उपयोग, ते तुम्हाला सांगायला नको. त्यानंतर मी खरे आकडे द्यायला लागलो. वर्षभर मला कमी मिळालं. दुसऱ्या वर्षी माझा आकडा कापायचं त्यांनी बंद केलं.

शेवटचा टप्पा वाटपाचा. त्यात तुम्ही थेट नसाल, पण तुमचा माल तिथे संपतो म्हणून एकदा दिवसभर उभे राहून बघा. पोतं पन्नास किलोचं, माणशी महिन्याला पंधरा किलो, म्हणजे दोन पोती साधारण सहा-सात माणसांत. बायका झाडाखाली बसून पोतं उघडतात आणि रिकाम्या डब्याने ज्वारी मोजून वाटून घेतात, कोणाचा डबा शिगोशीग झाला यावरून वाद होतो, हसू होतं. मग तीस-चाळीस किलो डोक्यावर घेऊन काही तास चालत जायचं. पुढे चक्की असेल तर दळणाचे पैसे नसतात, म्हणून धान्यातूनच दळणावळ कापून देतात. मी हे पाहिल्यावर ‘माणशी पंधरा किलो पोचले’ असं अहवालात लिहिताना थांबायला लागलो. आता तर पैसे आटल्यामुळे बऱ्याच ठिकाणी पूर्ण शिधा मिळतच नाही; जून २०२२ मध्ये १७ लाख लोकांची मदत तात्पुरती थांबवावी लागली होती. कोणाची थांबवायची ती यादी लॉजिस्टिक्सवाला करत नाही, पण ज्या गावाची थांबली तिथल्या गोदामाची किल्ली त्याच्याच खिशात असते.

तीन महिन्यांत काय करावं, तर कामचलाऊ जुबा अरबी, म्हणजे तिथली बोलीभाषा, शिका, शंभर शब्दही चालतील. एचएफ रेडिओ, म्हणजे लांब अंतरावर बोलायचा बिनतारी संच, वापरायला शिका, अक्षरं सांगायची आंतरराष्ट्रीय पद्धत पाठ करा. पिवळ्या तापाची लस घ्या, तिचं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. गमबूट तिथे मिळतात पण मापाचे मिळत नाहीत, इथूनच न्या. घरचा मसाला न्या, ज्वारीवर तो चालतो.

आणि आईला खरं सांगा, पण तारखेसकट. जुबा आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. तिथे संध्याकाळी रेडिओवर सगळ्यांची हजेरी घेतात, नाव पुकारलं की ‘आहे’ म्हणायचं. आमच्याकडे ती सहाला व्हायची, म्हणजे इथे साडेनऊ. ती झाली की मी घरी एक मेसेज टाकायचो, नुसतं ‘जेवलो’. आतल्या ठिकाणी जाताना आधी सांगायचो की या तारखेपासून या तारखेपर्यंत फोन लागणार नाही. आई त्या तारखा कालनिर्णयवर पेन्सिलने लिहायची. एकदा मी सांगितलेल्या तारखेच्या दोन दिवस उशिरा परतलो, काळ्या मातीत गाडी बसली होती म्हणून. घरी आल्यावर पाहिलं, त्या दोन चौकोनांवर इतक्या वेळा पेन्सिल फिरली होती की कागद फाटला होता. म्हणून तारखा देताना दोन दिवस जास्तीचे धरूनच द्या.